शेततळ्याचा निळा काढायचा की ठेवायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही दिसेल. मार्चमध्ये अंबडच्या बाजूला बसून तुम्ही जलरंगात एक निसर्गचित्र केलंत. पुढं नांगरलेलं काळं रान, मधे मोसंबीची बाग, मागं डोंगराची बसकी रेघ आणि जवळजवळ मधोमध निळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. तिघांना दाखवलंत. एक सर म्हणाले, तो प्लास्टिकचा निळा काढ, त्यानं चित्र नासलंय. दुसरे म्हणाले, राहू दे, निळा म्हणजे पाण्याची आशा. तिसरे म्हणाले, ठेव, पण हे माणसानं निसर्गावर केलेलं आक्रमण आहे असं वाटलं पाहिजे. आता ऐकायचं कुणाचं, आणि चित्रातल्या रंगांचा, माणसाच्या हस्तक्षेपाचा अर्थ मुळात लावायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

मी तीसेक वर्षं मराठवाड्यात उघड्यावर बसून चित्रं करतोय, त्यातली बरीच वर्षं शिकवतोही. तरी एक कबुली देतो. मी तुमचं चित्र पाहिलेलं नाही, त्याचा मोबाईलवरचा फोटो पाहिलाय. सोबत जागेचाही फोटो जोडलात ते फार बरं केलंत. आणि तुम्ही लिहिलंय की अर्धं काम जागेवर झालं, उरलेलं घरी फोटोवरून केलं. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही, तिच्याकडं पुढं येतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. निळा डोळ्यात खुपतो, हा रंगवण्याचा प्रश्न. निळ्याचा अर्थ काय, हा वाचण्याचा. पण तुमच्या तिन्ही सल्लागारांनी एक गोष्ट न बोलता धरून चालली आहे: खाली निसर्ग आहे आणि त्याच्यावर माणसानं काहीतरी आणून ठेवलंय. एकाला ते उचलून बाजूला करायचंय, दुसऱ्याला त्याचं कौतुक आहे, तिसऱ्याचा त्याच्यावर राग आहे. माझी अडचण या धरून चालण्याशीच आहे.

थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. ‘निसर्गचित्र’ म्हटलं की त्यात फक्त निसर्ग असावा असं वाटायला लागतं. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या पोरांचे कागद आठवा: दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, वळत येणारी नदी, एक झोपडी आणि नारळाचं झाड. परभणीच्या पोराच्या कागदावर नारळाचं झाड! त्याच्या घरासमोरचा लिंब त्याला कधी चित्रात घ्यावासा वाटला नाही, कारण कुणी तो दाखवलाच नाही.

मीही यातूनच आलोय. पंधराएक वर्षांपूर्वी केजच्या अलीकडं रस्त्याकडेला चित्र करत बसलो होतो. वैशाखाचे दिवस. सगळं रान उघडं पडलेलं आणि मधे उसाचा एक लख्ख हिरवा पट्टा. त्या पट्ट्यासाठीच थांबलो होतो. पट्ट्याच्या कडेला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर होता, दोन खांब, मधे गंजलेली पेटी, लोंबणाऱ्या वायरी. अर्थातच तो मी घेतला नव्हता. मागं एक म्हातारे गृहस्थ बऱ्याच वेळापासून उभे होते. शेवटी म्हणाले, “सगळं झालं, पण आमचा डीपी कुठंय?”

मी म्हणालो, “मामा, तो चित्रात बरा दिसत नाही.”

“आम्हाला तरी कुठं बरा दिसतो? जळाला की पंधरा-पंधरा दिस दुसरा येत नाही. पण त्याच्याबिगर एवढं हिरवं तुम्ही आणलं कुठून?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. वैशाखातला तो हिरवा डीपीनं केलेला होता. डीपी, मोटार, पाइप, ऊस अशी ती साखळी. मी साखळीचं शेवटचं टोक तेवढं उचललं होतं आणि त्याला निसर्ग म्हणत होतो. ते चित्र अजून माझ्याकडं आहे. वाईट नाही, पण खोटं आहे, आणि खोटं कुठं आहे हे आता मला दिसतं.

तेव्हापासून चित्र करताना आणि दुसऱ्याचं पाहतानाही मी रंगाला आधी अर्थ विचारत नाही. विचारतो, हा रंग कुणी केला? कधी केला? आणि किती दिवस टिकणार? मराठवाड्यात हा प्रश्न विचारायला लागलात की ‘न हात लावलेला’ रंग सापडणं किती अवघड आहे ते कळतं.

आपल्या जुन्या लोकांनी तर गावाच्या जमिनीची नावंच रंगांवरून ठेवली होती, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकवायची जमीन, पांढरी म्हणजे गाव वसलंय ती. आता ही पांढरी पांढरी कशानं झाली? राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती, त्यावर पुन्हा घर, पुन्हा भिंत, असं पिढ्यान्‌पिढ्या साचत. तेरला, पैठणला, भोकरदनला जुन्या वस्तीची टेकाडं आहेत, त्यांच्या उघड्या पडलेल्या कडांना हा रंग अजून दिसतो. खेड्यातल्या पडक्या गढीची भिंत बघा, तीही त्याच रंगाची. मी तो यलो ऑकरच्या (मातकट पिवळ्या) एका थेंबात किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि भरपूर पाणी घालून करतो. विद्यार्थी त्याला ‘मातीचा रंग’ म्हणतात. खरं तर तो माणसाच्या राहण्याचा रंग आहे.

दौलताबादचंही तेच. सहलीला आलेली मुलं तो डोंगर ‘किल्ल्याखालचा निसर्ग’ म्हणून रंगवतात, वर उतार आणि खाली सरळ कडा. पण डोंगर असे सरळ उभे नसतात. तळाचा जवळपास ५० मीटरचा तो उभा कडा यादवांच्या काळात माणसांनी तासलेला आहे. वरच्या उतारावर खडकाला थर आहेत, गवत आहे, सावल्या तुटक पडतात. तासलेल्या भागावर सावली एकसंध पडते. हा फरक ज्याच्या ब्रशला कळला त्याचा किल्ला किल्ला वाटतो. वेरूळच्या कैलासाला ‘रंगमहाल’ म्हणत, कारण तो गिलावा करून रंगवलेला होता. आज आपण ज्या काळ्या-करड्या दगडाला त्याचा नैसर्गिक रंग समजून भारावून जातो तो रंग गिलावा पडून गेल्यावरचा.

बरं, काळी तरी निसर्गाची म्हणाल. बेसॉल्टचा खडक झिजून ती झाली, हे खरं. पण तुम्ही कागदावर लावलात तो काळा नुसत्या मातीचा नाही, नांगराचा आहे. मार्चमधली ताजी नांगरट जवळ जाऊन पाहिलीत का? पलटी नांगराच्या फाळानं ढेकूळ कापलं जातं तेव्हा त्याची फाळाला घासलेली बाजू चाकूनं कापलेल्या गुळासारखी गुळगुळीत होते आणि आतल्या ओलीनं चकाकते. त्या चकाकीत आभाळ पडतं. म्हणजे ढेकळाची एक बाजू काळी नसतेच, निळसर करडी असते. दुसरी, तुटलेली बाजू खरबरीत, उजेड गिळणारी, तपकिरी काळी. आठ-दहा दिवसांत चकाकी जाते, ढेकळं वाळून राखेसारखी होतात. पावसात ती फुटतात, मग वखराची पाळी पडली की तेच रान सपाट, मऊ, जवळपास चॉकलेटी दिसतं. अवजारं वेगळी, महिने वेगळे, काळेही वेगळे. तुमच्या चित्रात पूर्ण रान एकाच पेन्स ग्रेनं, त्या तयार काळसर करड्या रंगानं, भरलंय. तो काळा वर्षाच्या कुठल्याच महिन्यातला नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घ्या, कागदावरच मिसळू द्या, निळ्याचे कण तळाशी बसले की ढेकळाचा पोत आपोआप येतो. आणि चकाकत्या बाजूंसाठी कागद थोडा मोकळा ठेवा.

हे शेततळ्याच्या प्रश्नात कशाला आणलं? कारण नांगरटीत आभाळाचा निळा आलाच नाही, म्हणून शेततळ्याचा निळा एकटा पडलाय. ढेकळांवर त्याचे चार-सहा पुसट नातलग असते तर तो इतका ओरडला नसता.

आता त्या निळ्याकडं येऊ. तुमच्या चित्रात मी सगळ्यात आधी अंगठ्यानं निळा झाकून पाहिला. चित्र सुधारलं नाही, मधे भोक पडल्यासारखं झालं. म्हणजे काढण्याचा सल्ला बाद. मग तुमच्या चित्राचा फोटो कृष्णधवल करून पाहिला (मोबाईलमध्ये दोन सेकंदांत होतं, सवय लावून घ्या). निळ्याचा टोन मागच्या बागेच्या टोनशी बऱ्यापैकी मिळतो, उजेड-अंधाराच्या हिशोबात तो तितका चुकलेला नाही. तरी तो चिकटवल्यासारखा दिसतो. का?

तुमचा जागेचा फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कारण सापडलं. शेततळं खणताना वरची काळी संपली की खालून मुरूम निघतो, पिवळसर, तांबूस, खडबडीत. तोच काढून चारी बाजूंनी भराव करतात. म्हणजे शेततळ्याला निळ्याभोवती मुरमाची एक जाड चौकट असतेच असते. तुमच्या फोटोत ती स्पष्ट आहे. चित्रात नाही. निळा थेट काळ्यावर बसलाय, मधे काहीच नाही, त्यामुळं तो जमिनीत खणलेला न वाटता जमिनीवर ठेवलेला वाटतो. प्लास्टिक नको म्हणणाऱ्या सरांना बहुधा हेच खुपलं असावं, दोष मात्र त्यांनी निळ्याला दिला. तुम्ही हस्तक्षेप दाखवलात, पण निम्मा. खणण्याचं काम गाळून फक्त कागद अंथरलात.

भराव घाला. यलो ऑकर, त्यात थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), उन्हाच्या बाजूला जवळपास कोरा कागद. मुरमाचा हा उबदार पिवळा निळ्याला धरून ठेवतो, आणि तो शेजारी आला की निळाही जास्त खरा दिसतो. मग निळ्यात किंचित बर्न्ट सिएना टाका. आत्ता तो ट्यूबमधून निघाल्यासारखा दिसतो, बहुधा सेरुलियन (आभाळी निळा) आहे. फार मातकट मात्र करू नका. काही जण प्लास्टिक लपवायचं म्हणून कडा विरघळवून शेततळ्याचा तलाव करून टाकतात. शेततळ्याचे कोपरे कोपरेच राहिले पाहिजेत. आपल्या रानात डोळा खेचते ती बरेचदा सरळ रेघ, रंगाचा नंबर तिच्यानंतर. म्हणून समोरची एक कड धारदार ठेवा आणि बागेकडची जरा ओल्यात सोडा.

मोबाईलचं राहिलं. फोटोत निळा आणि हिरवा डोळ्याला दिसतात त्यापेक्षा जास्त भडक येतात, बऱ्याच फोनची ती खोडच आहे. तुम्ही घरी येऊन फोटोवरून निळा लावलात. म्हणजे ‘हा रंग कुणी केला’ याचं थोडं उत्तर फोन बनवणाऱ्या कंपनीकडंही जातं. जागेवर बसून पाहिलं असतं तर दिसलं असतं की काठाशी, जिथं पाणी खाली गेलंय, तिथं कागद धुळीनं पांढुरका पडलाय, आणि मधल्या पाण्यावर शेवाळामुळं हिरवट झाक आहे.

मागचा डोंगर तुम्ही निळा केलात, हेही पुस्तकातून आलंय. दूरचं निळं दिसतं हे खरं, कारण हवा निळा प्रकाश जास्त विखुरते. पण आपल्याकडं मार्च-एप्रिलमध्ये हवेत धूळ असते. धुळीचे कण मोठे, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून दूरचं दुधाळ, पिवळसर, फार तर फिकट जांभळट दिसतं. श्रावणात पाऊस पडून गेल्यावर त्याच डोंगराला निळा लावा, चालेल. तुमच्या मार्चच्या चित्रात मात्र दोन निळे भांडतायत आणि त्यातला एक तिथं नव्हताच.

आता अर्थ. निळा म्हणजे आशा, लाल म्हणजे क्रांती, असल्या कोष्टकांवर माझा विश्वास नाही. १८३२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत टर्नर या इंग्रज चित्रकाराचं एक करड्या समुद्राचं चित्र कॉन्स्टेबल या दुसऱ्या इंग्रज चित्रकाराच्या रंगीबेरंगी चित्राशेजारी लागलं होतं. उद्घाटनाआधी चित्रांवर शेवटचा हात फिरवायला मिळे, तेव्हा टर्नरनं येऊन समुद्रावर लाल रंगाचा एक ठिपका लावला आणि निघून गेला. त्या ठिपक्याला तरंगत्या बोयाचा आकार त्यानं नंतर दिला. आधी रंग, मग वस्तू. त्या लालचा अर्थ कोशात शोधून सापडणार नाही, शेजारच्या करड्यात सापडेल.

आणि निळ्याबद्दल म्हणाल, तर आपल्या भागात तो बहुतेक वेळा बाहेरूनच आलाय. अजिंठ्याच्या भिंतींवरचे पिवळे, तांबडे, हिरवे हे माती-दगडाचे रंग. निळा मात्र लाजवर्दाचा, तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून यायचा. रानात उगवणारा निळा म्हटलं तर मला जवसाची फुलं आठवतात, तीही सकाळी उमलून दुपारपर्यंत गळणारी, आणि जवसाचं रान आता क्वचितच दिसतं. त्या जागी आज सगळ्यात मोठा निळा कारखान्यातून गुंडाळी होऊन येतो. याला आशा म्हणा किंवा आक्रमण, दोन्ही शब्द मला घाईचे वाटतात.

जालन्याकडच्या लोकांना २०१२-१३चा दुष्काळ सांगायला नको, मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या होत्या. त्यातून ज्याची बाग पुढं शेततळ्यानं तगली त्याला या निळ्यात काय दिसेल? आणि शेजारचा, ज्याच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, कारण पलीकडचं शेततळं पावसानं न भरता बोअरच्या पाण्यानं भरलं जातं, त्याला काय दिसेल? रंग तोच, कागदही तोच. फरक पडतो तो पाणी आलं कुठून यानं, आणि ही गोष्ट चित्रात दाखवता येते. तुमच्या जागेच्या फोटोत भरावाच्या डाव्या कोपऱ्यावरून एक काळा पाइप आत उतरलेला दिसतो. तुमच्या चित्रात तो नाही. ब्रशच्या टोकाची एक रेघ आहे ती. ती घातलीत तर आशा आणि आक्रमण या दोन्ही कॅप्शनची गरज उरत नाही. ज्याला पाहायचंय तो त्या पाइपाच्या मागं जाईल.

मग माणसाचं काहीच काढायचं नाही का? असं नाही, मी सर्रास काढतो. माझा नियम त्या मामांमुळं झालाय: जिच्यामुळं चित्रातला एकही रंग झालेला नाही ती वस्तू मी बिनधास्त गाळतो. वाढदिवसाचा फ्लेक्स, दूरवरचा मोबाईल टॉवर, रस्त्यात उभी असलेली जीप, गेली. पण विहिरीवरची मोटार, उसाचा डीपी, कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री यांना हात लावत नाही. हा नियम सगळीकडं पुरतो असंही नाही. बीड-धाराशिवकडच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या मला अजून नीट जमलेल्या नाहीत. रंग त्या काही करत नाहीत, पण त्यांच्या उंचीनं डोंगर बुटका होऊन जातो. काढल्या तर डोंगर खोटा, ठेवल्या तर चित्र त्यांचंच होतं. चार-पाच कागद फाडलेत त्यांच्यापायी. कुणाला जमलं असेल तर मला बघायचंय.

तुम्ही हेच चित्र दुरुस्त करू नका, जलरंगात खोडाखोड केली की चिखल होतो. नवा कागद घ्या. पुन्हा त्याच जागी जा, शक्यतो मेमध्ये, सकाळी नऊच्या आत. पाणी तळाला गेलेलं असेल, कागदाच्या सुरकुत्या उघड्या पडलेल्या असतील, भराव उन्हात पांढरा दिसत असेल आणि निळा कदाचित हाताच्या तळव्याएवढाच उरलेला असेल. तेवढाच घ्या. आधी शेताच्या मालकाला विचारा आणि त्यांना पाइप कुठून येतो तेही विचारून ठेवा. आणि चांगला कोन मिळतोय म्हणून भरावाच्या आतल्या बाजूला उतरून बसू नका. ओला कागद भयंकर निसरडा असतो, पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. ब्रश धुवायचं पाणी घरून न्या.